पायोमेट्रातून उठलेल्या लॅब्राडॉरला एक वेत होऊ द्यावं का?

तुम्ही जे लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर तुम्हाला दुरुस्त करता येईल. देवगडजवळ तुमची आंब्याची बाग आहे. साडेचार वर्षांची लॅब्राडॉर, अजून एकही वेत झालेलं नाही. शिमग्यात ती माजावर आली, तुम्ही क्रॉस केलं नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, आंब्याच्या ऐन गडबडीत, तिने खाणं टाकलं, नुसती पाणी पीत राहिली, दोनदा ओकली आणि शेपटीखाली पिवळट-तपकिरी घाण दिसली. कणकवलीला सोनोग्राफी केली तेव्हा पिशवीत पू निघाला, म्हणजेच पायोमेट्रा. सलाईन झालं, अँटिबायोटिक झालं आणि ‘पिशवी मोकळी करायची’ इंजेक्शनं झाली, त्यातलं एक लागोपाठ दोन दिवस आणि मग आठवड्याने परत. तीन आठवड्यांत ती पूर्वीसारखी उड्या मारायला लागली. आता एक डॉक्टर म्हणतात पिशवी काढा. मालवणचे मेहुणे म्हणतात आमच्या नराशी लावा, एक वेत झालं की पिशवी आपोआप साफ होते. आणि तुमच्या आईंचं म्हणणं, एवढ्या आजारातून उठलीय बिचारी, निदान एक माज तिला विश्रांती द्या, पुढचं पुढे. तुम्हाला स्वतःला आईंचं पटतंय.

डॉक्टरांचा सल्ला आणि मेहुण्यांचा सल्ला, यांत डावं-उजवं करता येईल. आईंचा मार्ग सगळ्यात मायेचा आहे, आणि तिच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका त्याच मार्गात आहे. एवढं लांब उत्तर लिहायला बसले ते मुख्यतः यासाठी. मी रत्नागिरीत २५ वर्षं जनावरांची डॉक्टर म्हणून काम करते आहे. या आजारातून वाचवलेल्या आणि न वाचलेल्या माद्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

आधी एक फरक सांगते, कारण पिशवीचं ‘इन्फेक्शन’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या आजारांना लावतो. व्याल्यावर आठवड्याभरात, वार अडकून किंवा मेलेलं पिल्लू आत राहून जो ताप येतो आणि घाण वासाचा लालसर-तपकिरी स्राव सुरू होतो, तो मेट्रायटिस. बाळंतपणात उघड्या पडलेल्या पिशवीत जंतू शिरल्याचा तो आजार. हार्मोनचा त्यात फारसा हात नसतो. वेळेवर उपचार झाले आणि पिशवी नीट आकसली, तर अशी मादी पुढे चांगली गाभण राहू शकते. तिला एक माज मोकळा सोडायला माझीही हरकत नसते. तुमचा प्रकार तो नाही. ती व्यालेलीच नाही, आणि माजानंतर सहा-सात आठवड्यांनी आजारी पडली. हा पायोमेट्रा, आणि त्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं: माज संपल्यापासून पुढचे दोन-अडीच महिने. कोणी मला नुसतं ‘मागच्या माजाला दीड महिना झाला आणि पाणी फार पितेय’ एवढं फोनवर सांगितलं, तरी मी म्हणते हातातलं काम टाका आणि घेऊन या.

आता विश्रांतीचं. इथे आपण नकळत बाईच्या शरीराशी तुलना करतो आणि तिथेच फसतो. बाईला पाळी येते तेव्हा गर्भाशयाचं जुनं अस्तर बाहेर पडतं. कुत्रीच्या माजातलं रक्त म्हणजे पाळी नव्हे. ते अंडी सुटण्याच्या आधीचं, इस्ट्रोजेनमुळे सुजलेल्या अस्तरातून पाझरलेलं रक्त. अस्तर आत तसंच राहतं. त्यानंतर अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन येऊ लागतं आणि सुमारे दोन महिने ते चढलेलंच राहतं, नर लागलेला असो किंवा नसो. पोटात एकही पिल्लू नसलं तरी पिशवी गाभण असल्यासारखीच वागते.

आणि गाभण पिशवीला काय हवं असतं? आतल्या ग्रंथी वाढाव्यात, गर्भाला पोसणारा रस पाझरावा, पिशवीचं तोंड घट्ट मिटावं, स्नायू शांत राहावेत म्हणजे गर्भ ढकलला जाणार नाही, आणि शरीराच्या संरक्षक पेशींनी तिथे जरा नमतं घ्यावं म्हणजे त्या गर्भावर तुटून पडणार नाहीत. प्रोजेस्टेरॉन हे सगळं चोख करतं. पण आत पिल्लांऐवजी जंतू असतील तर त्यांच्यासाठी याहून चांगला मुक्काम कुठला? खायला रस, बाहेर ढकलणारं कोणी नाही, दार बंद आणि पहारा ढिला. हे जंतू बाहेरून कुठून येत नाहीत. बहुतेक वेळा तो तिच्याच आतड्यातला ई. कोलाय असतो, माजाच्या दिवसांत पिशवीचं तोंड उघडं असताना वर चढलेला. निरोगी पिशवी त्याला धुऊन काढते. पण दर माजागणिक ग्रंथी फुगत जातात, त्यांत पाण्याचे बारीक फुगे धरतात, आणि अशा अस्तरात तो तग धरून राहतो.

म्हणून तुमच्या आईंना एवढंच समजावून सांगा: रिकामा गेलेला माज तिच्या पिशवीला विश्रांती देत नाही. त्या दोन महिन्यांत पिशवी तेवढीच राबते, आणि एकदा पू होऊन गेलेल्या पिशवीसाठी तेच दोन महिने घातक. खरी विश्रांती असते ती दोन माजांच्या मधल्या शांत काळात, प्रोजेस्टेरॉन खाली गेलेलं असताना. ती तिला आत्ता मिळतेच आहे.

हे मी पुस्तकातून शिकले होते, तरी एकदा त्याच्या उलट वागले. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीपलीकडच्या, तवसाळच्या बाजूच्या एका कुटुंबाची डॉबरमन, तीन वर्षांची. औषधांवर छान बरी झाली. घरच्यांनी विचारलं, लगेच पिल्लं नको वाटतात, एक माज जाऊ दे का? त्यांचे डोळे भरलेले होते, मलाही तिला कापाकापीत घालायचं जिवावर आलं होतं, आणि मी म्हटलं, चालेल, लक्ष ठेवा. माज आला, गेला. पुढे सात आठवड्यांनी तिने जेवण सोडलं. या खेपेला पिशवीचं तोंड बंद होतं, म्हणून बाहेर काहीच दिसलं नाही. घरच्यांना वाटलं उन्हाने मलूल झाली असेल. एका रात्री ती उभी राहीना. रात्री जयगडची फेरी नाही आणि रस्त्याने वळसा केवढा. सकाळच्या पहिल्या फेरीने आणली तेव्हा पोट टम्म, हिरड्या विटकरी, अंग गार. टेबलावर घेतलं, पण ती उठली नाही. त्या कुटुंबाने मला कधी बोल लावला नाही. त्यानंतर मी कुणालाही ‘एक माज जाऊ दे’ म्हटलेलं नाही.

आता मेहुण्यांचं म्हणणं. ‘एक वेत झालं की पिशवी साफ होते’ हे कोकणात काय, घाटावर काय, सगळीकडे ऐकू येतं. त्यात थोडा आधार आहे आणि बराच गैरसमज. आधार असा की ज्या माद्या व्यालेल्या आहेत त्यांच्यात हा आजार काहीसा कमी आढळतो, आणि औषधांनी बरी केलेली मादी पुढच्याच माजाला गाभण राहिली तर त्या खेपेपुरती पिशवी रिकामी, आजाराला मोकळी राहत नाही. गैरसमज असा की गर्भारपण हे औषध आहे. अस्तरात झालेले फुगे पिल्लं झाल्याने पुसले जात नाहीत. आज वेत झालं तरी त्याच्या पुढच्या रिकाम्या माजाला धोका परत उभा. तेव्हा वेत घ्यायचं असेल तर ते पिल्लं हवीत म्हणून घ्यावं, तिच्या तब्येतीसाठी म्हणून नव्हे. तिच्या तब्येतीसाठीचा इलाज एकच, ऑपरेशन.

औषधांनी ती बरी झाली हे खरं आहे आणि तुमच्या डॉक्टरांनी चांगलं काम केलंय. दोन दिवस लागोपाठ आणि आठवड्याने परत दिलेलं इंजेक्शन, या वर्णनावरून ते ॲग्लेप्रिस्टोन असावं. ते प्रोजेस्टेरॉनला पिशवीवर कामच करू देत नाही. त्यामुळे तोंड उघडतं, आणि जोडीला प्रोस्टाग्लँडिन दिलं तर स्नायू आवळून पू बाहेर निघतो. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत हे औषध दुकानात सहज मिळत नाही, मागवावं लागतं. तुम्हाला ते मिळालं हे भाग्य. तरीही कागद काढून नाव पाहा, कारण यावर बरंच काही अवलंबून आहे. काही ठिकाणी नुसत्या अँटिबायोटिकवर भागवलं जातं. ताप उतरतो, मादी उठते, पण पिशवी पुरती मोकळी होतच नाही. अशा मादीला मी क्रॉस करायला कधीच सांगणार नाही.

आजार परत उलटण्याचं प्रमाण किती, हे तुम्ही विचारलंय. वेगवेगळ्या औषधांचे आणि वेगवेगळ्या मुदतीचे आकडे इतके लांब-रुंद आहेत की एकच आकडा दिला तर ती फसवणूक होईल. कुठे दहातली एक, कुठे निम्म्याहून जास्त. सगळ्यांत समान धागा असा की जितका जास्त काळ मागोवा घेतला, म्हणजे जितके रिकामे माज मध्ये गेले, तितकं प्रमाण चढत गेलं. तरुण मादी, अंडाशयावर गाठ नाही, अस्तरात फुगे नाहीत, असं असेल तर पारडं चांगलं. मुळात हा आजार दुर्मिळही नाही. स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा मोठ्या प्रमाणावर काढतात आणि सरसकट नसबंदीची पद्धत तिथे नव्हती, म्हणून तिथल्या विम्याच्या नोंदी या बाबतीत बोलक्या आहेत: वयाच्या १० वर्षांपर्यंत चार-पाच माद्यांमागे एकीला पायोमेट्रा.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मी विचारते. आधीच्या एखाद्या वर्षी तिला माज थांबवायचं किंवा गावठी कुत्रा लागला म्हणून गर्भ राहू नये असं इंजेक्शन दिलं होतं का? पहिल्यात प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध असतं, दुसऱ्यात पूर्वी सर्रास इस्ट्रोजेन देत आणि अजूनही कुठे कुठे देतात. दोन्ही पायोमेट्राला आमंत्रण आहेत. दिलं असेल तर तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा, आणि पुन्हा कधी देऊ नका. गाव गोळा होतो, कुत्रे दारात रात्रभर भुंकतात, म्हणून लोक घायकुतीला येऊन ही इंजेक्शनं मागतात. तो त्रास मी समजू शकते, पण त्याची किंमत मादी मोजते.

तर माझा कौल. ती माझी असती तर पुढच्या माजाच्या आत मी तिची पिशवी आणि अंडाशय काढले असते. पुढच्या माजापर्यंत ती पाचला टेकेल, आणि लॅब्राडॉरसारख्या अंगाच्या मादीचं पहिलंच वेत त्या वयात म्हणजे पिल्लं कमी, कळा मंद, सिझेरियनची शक्यता जास्त. शिवाय तुम्ही देवगडला. अपरात्री सिझेरियन करू शकेल अशी जागा किती तासांवर आहे? पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की कोल्हापूर तुटतं, आणि कोकणातल्या कोकणातसुद्धा रात्री दोन वाजता सगळी तयारी असलेलं टेबल शोधणं सोपं नाही. हे अंतर तुमच्या निर्णयात पिशवीच्या अस्तराइतकंच मोजायला हवं. हीच मादी कोल्हापूर शहरात असती तर मी कदाचित थोडी सैल बोलले असते.

पण ‘कधीच नाही’ असं मी म्हणत नाही. रत्नागिरीतलीच एक जर्मन शेफर्ड, तीन वर्षांची, याच औषधावर बरी झाली, पुढच्याच माजाला लावली, चार पिल्लं झाली, पिल्लं तुटल्यावर ऑपरेशन केलं. आज ती म्हातारी होऊन पडवीत झोपते. तिच्या बाबतीत सगळं जुळून आलं होतं: वय, स्वच्छ सोनोग्राफी, दहा मिनिटांवर दवाखाना, आणि मालकाने ठरलेला एकही दिवस चुकवला नाही. तुमच्याकडे हे सगळं जुळत असेल, आणि पिल्लं खरोखर हवी असतील, तर एक वेत, पुढच्याच माजाला, आणि लगेच ऑपरेशन. या तिन्ही गोष्टी एकत्र. त्यातली एक जरी होणार नसेल तर पहिलीचा विचारही करू नका.

पिल्लं ‘खरोखर हवी’ म्हणजे काय, हेही बोलते. चुलतभावांनी दोन पिल्लं सांगून ठेवलीत असं तुम्ही लिहिलंय. लॅब्राडॉरला सहा-आठ पिल्लं सहज होतात. उरलेल्यांची घरं आज माहीत आहेत का? मुंबईत सोळाव्या मजल्यावर नेलेली आणि वर्षाने ‘गावाला मोकळी राहील’ म्हणून परत आणून सोडलेली पिल्लं मी वाड्यावाड्यांतून पाहते. शिवाय तिचे खुबे कसे आहेत? या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष पिढीजात उतरतो, एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. विक्रीसाठी वीण करायची असेल तर २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते.

आता समजा तुम्ही वेत घ्यायचं ठरवलंत. तर पुढचं सगळं तारखांवर चालतं.

माज लवकर येईल. या औषधाने प्रोजेस्टेरॉनचा काळ मध्येच तुटतो, म्हणून पुढचा माज नेहमीपेक्षा आधी येतो. तुमचा हिशेब शिमग्यापासून सहा महिने, म्हणजे गणपतीच्या आसपास असेल. मी श्रावणापासूनच रोज शेपटीखाली बघायला सांगेन. रोज सकाळी पांढऱ्या कापसाने पुसा, गुलाबी डाग दिसला तो पहिला दिवस, कॅलेंडरवर लिहा. बागेत मोकळी फिरणारी मादी चार-पाच दिवस उशिरा लक्षात येते आणि सगळं गणित चुकतं. त्या दिवसापासून तिला बांधून नव्हे, बंद खोलीत ठेवा. वईवरून उडी मारून येणारा कुत्रा तुमच्या नराच्या आधी पोचतो, आणि एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात.

त्याआधी, आत्ताच्या शांत काळात, पुन्हा सोनोग्राफी. पिशवीत पाणी नको, भिंत जाड नको, फुगे नकोत, अंडाशयावर गाठ नको. यातलं काहीही दिसलं तर वेताचा विषय तिथेच संपला. रक्त तपासा, विशेषतः मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, आणि लघवीचा घट्टपणा. या आजारात जंतूंचं विष मूत्रपिंडाला लघवी घट्ट करू देत नाही, म्हणूनच ती पाणी पीत सुटली होती. बहुतेक माद्यांत हे भरून येतं, पण भरून आलंय याची खात्री गाभण राहण्याआधी हवी. आपल्या दमट हवेत गोचीड बारमाही, तेव्हा एर्लिकिया आणि बबेसिया या गोचीडतापांसाठी रक्त आणि प्लेटलेट बघितल्याशिवाय मी मादीला ना क्रॉसला सोडते ना भुलीला. लेप्टोची लस मुदतीत आहे ना तेही पाहा. आपल्याकडे पावसाळ्यात हा आजार माणसांनाही होतो, हे तुम्हाला सांगायला नको. मेहुण्यांच्या नराची आणि हिची, दोघांची ब्रुसेला तपासणी. त्याने गर्भ पडतात, आणि तो माणसालाही होतो. मेहुण्यांना हे अपमानास्पद वाटेल, तरी करा.

दिवस ठरवायला ‘अकरावा आणि तेरावा’ हा ठोकताळा इथे चालणार नाही. आपल्याला एकच संधी आहे. माजाच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून एकाआड एक दिवस रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजायचं. माणसांच्या लॅबमध्येही होतं. मात्र दर वेळी तीच लॅब, कारण वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मिलिलिटरला २ नॅनोग्रॅमच्या आसपास आलं की हालचाल सुरू झाली. ५ च्या आसपास अंडी सुटली. सुटलेलं अंडं कुत्रीत लगेच फळत नाही, पिकायला दोनेक दिवस घेतं. म्हणून त्या दिवसानंतर दोन दिवसांनी एकदा आणि हवं तर आणखी दोन दिवसांनी, एवढेच क्रॉस. रोज रोज लावत बसू नका, दर वेळी आत जंतू जातातच. या दिवसांत खबरदारी म्हणून अँटिबायोटिक द्यायची पद्धत काहींची आहे. मी सरसकट देत नाही, कारण योनीमार्गात जंतू असणं हे नैसर्गिकच असतं, आणि उगाच दिलेल्या औषधाने खऱ्या गरजेच्या वेळी ई. कोलाय त्याला जुमानेनासा होतो.

पुढे २५ ते ३० दिवसांनी सोनोग्राफी. हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा दिवस. पिल्लांचे ठोके दिसले तर छान. काहीच दिसलं नाही, तर ‘बरं, पुढच्या खेपेला’ असं म्हणायचं नाही. रिकामी पिशवी, चढलेलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे आपण पुन्हा डॉबरमनच्या जागी उभे आहोत. आत पाणी साचायची वाट न बघता ऑपरेशन. याची मनाची तयारी, आणि डॉक्टरांशी बोलणं, क्रॉस करण्याआधीच झालेलं असावं.

गाभण राहिली तर अंडी सुटल्यापासून ६३ दिवस, एखादा दिवस इकडेतिकडे. पिल्लं कमी असायची शक्यता धरून चाला. एकच पिल्लू असेल तर ते मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, म्हणून शेवटच्या आठवड्यात एक्स-रे काढून पिल्लं मोजा. ताप दिवसातून दोनदा मोजा. १०१ वरून ९९ च्या खाली आला की साधारण दिवसभरात व्यायला लागेल. त्या आठवड्यात ती देवगडला नसावी असं मी म्हणेन. कणकवलीत नातेवाईक असतील तर तिथे न्या. पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवं पाणी आलं, किंवा अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही, तर थांबू नका. पिल्लं सहा-आठ आठवड्यांत तुटतात. दूध आटलं की, पुढच्या माजाच्या बरंच आधी, ऑपरेशन.

आणि सरळ ऑपरेशनच करायचं ठरवलंत तर काळ अगदी योग्य आहे. आजार ओसरून महिना झाला, रक्ताचे अहवाल चांगले, अंग शांत. आजारात केलेल्या ऑपरेशनपेक्षा हे कितीतरी सोपं. अंडाशय दोन्ही पूर्ण निघाले पाहिजेत, हे डॉक्टरांना विचारून घ्यायला संकोच करू नका. तुकडा राहिला तर माज आणि पू दोन्ही परत येऊ शकतात. पावसात टाक्यांवर माश्या बसून अळ्या पडतात, म्हणून १०-१२ दिवस घरात, कोरड्या लादीवर, गळ्यात कॉलर. नंतर वजन वाढतं, लॅब्राडॉरचं तर हमखास, तेव्हा भाताचं माप कमी करा. मोठ्या अंगाच्या काही माद्यांना पुढे झोपेत लघवी ठिबकते. त्यावर औषध आहे.

तुमचा निर्णय होईपर्यंत एक काम आजपासून करा. तिचं रोजचं पाणी मापाच्या बाटलीने भरा आणि उरलेलं मोजा. २८ किलोच्या मादीने दिवसाला पावणेतीन लिटरच्या वर पाणी प्यायलं तर ते उन्हामुळे असेल असं समजू नका. आणि कणकवलीच्या सोनोग्राफीचा कागद, इंजेक्शनांची नावं, मागच्या दोन माजांच्या तारखा एका फायलीत लावून तुमच्या त्याच डॉक्टरांकडे जा, ज्यांनी पिशवी काढा म्हटलं. जमलं तर आईंना सोबत घ्या. रिकाम्या माजात आत काय होतं ते डॉक्टरांकडून त्यांना ऐकू द्या, सोनोग्राफीच्या पडद्यावर पिशवी बघू द्या.